लाल रुमाल आणि दोन निळे फोटो

प्रश्न : मी 54 वर्षांची असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. 2001 ते 2006 या काळात मी आणि माझी एक मैत्रीण स्कूबा डायव्हिंगसाठी पाच वेळा लक्षद्वीपमधल्या कडमत बेटावर गेलो. पाण्याखाली आम्ही नेहमी एकमेकींच्या बडी, म्हणजे एकमेकींवर लक्ष ठेवणाऱ्या जोडीदार, असायचो. जानेवारी 2006 मधल्या शेवटच्या डाइव्हला, 18 मीटर खोलीवर, ती कॅमेरा घेऊन एका कासवामागे गेली आणि दिसेनाशी झाली. माझ्या सिलिंडरमध्ये तेव्हा 90 बार दाबाइतकी हवा उरली होती. मी पाच मिनिटे तिला शोधले आणि शेवटी एकटीच वर आले. दहा मिनिटांनी ती वर आली, तेव्हा कॅमेरा उंच धरून हसत होती. मी बोटीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला माझ्यापेक्षा कासव मोठे." ती काहीच बोलली नाही. परतीच्या प्रवासात मंगला एक्स्प्रेसमध्ये समोरासमोरच्या बर्थवर बसून आम्ही नाशिकरोडपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि त्यानंतर आजतागायत नाही. ती आता पुण्याला असते. दिवाळीच्या साफसफाईत त्या सहलींच्या फोटोंची आणि निगेटिव्हची पाकिटे सापडली (तिने त्याच वर्षी कोणाच्या तरी हाती पाठवली होती, मी उघडलीच नव्हती). जवळजवळ सगळ्या फोटोंत मी आहे, माझ्या डोक्याला बांधलेल्या लाल रुमालासकट. ती फक्त दोन फोटोंत आहे. शेवटच्या रोलमध्ये कासवाचा एक अंधुक फोटो आहे, आणि दोन फोटो नुसतेच निळे आहेत. ते पाहिल्यापासून मन थाऱ्यावर नाही. यजमान म्हणतात, "झाले गेले गंगेला मिळाले." मी तिला हे फोटो पाठवावेत का?

ताई,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले, आणि तिन्ही वेळा कंसात घातलेल्या त्या एका वाक्यापाशी थांबले. फोटो पाठवावेत का, असे तुम्ही विचारता तेव्हा पहिले पाऊल तुम्हाला टाकायचे आहे असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. पण ते पाऊल तुमच्या मैत्रिणीने त्याच वर्षी टाकले होते. तिने फोटो धुऊन घेतले, पाकिटात घातले आणि कोणाकरवी तुमच्या घरी पोहोचते केले. पाकीट मात्र इतकी वर्षे बंद राहिले. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण त्या वेळी तुमच्या मनाची जी अवस्था असेल तीत मीही ते उघडले नसते. परंतु तुम्ही तिला आता जे लिहाल ते नव्याने सुरू केलेले बोलणे नसून फार उशिरा दिलेले उत्तर असेल, आणि उत्तर म्हणूनच ते लिहिले पाहिजे.

तिने केवळ फोटो पाठवले नाहीत, निगेटिव्हही पाठवल्या, याकडे तुमचे लक्ष गेले नसावे. डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात ही गोष्ट विसरायला होते, पण रोलवर फोटो काढणाऱ्या माणसासाठी निगेटिव्ह हाच मूळ ऐवज असे. फोटोच्या हव्या तितक्या प्रती निघत, निगेटिव्ह एकच असे. त्यातही पाण्याखालचा रोल म्हणजे जेमतेम 36 फोटो. पाण्यात रोल बदलता येत नाही, म्हणून छायाचित्रकार एकेक फोटो जपून काढतो, आणि एका डाइव्हमधून हाती लागते ते इतकेच. ज्या मैत्रिणीवर कॅमेऱ्यापायी तुम्हाला सोडून गेल्याचा आरोप होता, तिने त्याच कॅमेऱ्याची सगळी कमाई स्वतःकडे काही न ठेवता तुमच्याकडे पाठवून दिली. याहून स्पष्ट बोलणे तिला त्या वेळी जमले नसावे असे मला वाटते.

तिची चूक झाली नव्हती, असे मात्र मी म्हणणार नाही. मी स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर तारकर्लीला डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केला, आणि पहिल्या दिवसापासून आमच्या मनावर हेच बिंबवले गेले की पाण्यात बडीला सोडून जायचे नाही. एकीची हवा संपली तर दुसरीच्या जास्तीच्या रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणाऱ्या साधनावर, तिचा जीव अवलंबून असतो. तो रेग्युलेटर दोन-चार हातांवर नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. कॅमेरा हाती आला की माणसाला काळाचे आणि अंतराचे भान राहत नाही, हे सगळ्या डायव्हरांना ठाऊक असते, आणि म्हणूनच कॅमेरा घेणाऱ्याने अधिक सावध राहायचे असते. तुमचा राग खरा होता आणि त्याला कारणही होते. तो सोडून द्या असे मी सांगणार नाही, कारण अशा रीतीने सोडलेला राग पुन्हा कोठे तरी डोके वर काढतोच.

आता तुमच्या पाच मिनिटांविषयी बोलू. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला पाहायचे, वर-खाली पाहायचे, आणि तेवढ्यात तो दिसला नाही तर सावकाश वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर भेटायचे, हा नियम तुम्हालाही शिकवला असणार. तुम्ही एक मिनिट थांबला नाहीत, पाच मिनिटे थांबलात. दर दहा मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे 18 मीटरवर तो पृष्ठभागाच्या 2.8 पट असतो, आणि प्रत्येक श्वासाला हवाही तितक्याच पटीने जास्त लागते. तुमची ती पाच मिनिटे पृष्ठभागावरच्या चौदा मिनिटांइतकी हवा खाऊन गेली, आणि घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो हे धरले तर त्याहूनही जास्त. सिलिंडरमध्ये 90 बार उरलेले असताना आणि काटा खाली येताना दिसत असताना तुम्ही नियम मोडून चार मिनिटे अधिक खाली राहिलात. तुम्ही हे तिला कधी सांगितलेत का?

तुमच्या पत्रावरून तरी सांगितलेले दिसत नाही. बोटीवर तुम्ही तिला राग ऐकवलात. भीती ऐकवली नाहीत. तिने ऐकले ते एवढेच की तिला तुमच्यापेक्षा कासव मोठे वाटले. तिच्यासाठी तुम्ही आपली हवा पणाला लावली होती, ती बुडाली असेल या कल्पनेने तुमचे हातपाय गळाले होते, हे तिला त्या दिवशी कळले नाही आणि कदाचित आजही ठाऊक नसेल. मला तुमच्या सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे दिसते. भीती बोलून दाखवणे आपल्याला कमीपणाचे वाटते, राग बोलून दाखवणे वाटत नाही, आणि मग समोरच्या माणसाच्या हाती आपल्या मायेची फक्त उलटी बाजू पडते.

फोटोंकडे वळू. ती केवळ दोन फोटोंत आहे याचे तुम्हाला वाईट वाटले आहे, जणू तुमच्या आठवणींतून कोणी तिला खोडून टाकावे. पण कॅमेरा तिच्या हाती होता. त्या फोटोंत तुम्ही जेथे जेथे आहात तेथे समोर ती आहे, आणि ती किती अंतरावर आहे हे तुम्हाला आजही मोजता येईल, कारण तुमच्या डोक्याला लाल रुमाल होता. पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषून घेते. चार-पाच मीटर खाली गेले की लाल रंग मावळू लागतो, आणि 18 मीटरवर तो रुमाल तुम्हाला स्वतःला काळपट दिसत असणार. तो फोटोत लाल यायचा तर फ्लॅशचाच प्रकाश लागतो, आणि त्या प्रकाशालाही जाताना आणि परत येताना असे दोन्हीकडचे पाणी कापावे लागते. मीटर-दीड मीटरच्या पुढे त्यातला लाल झपाट्याने उणावतो. लॅबच्या यंत्राने रंगांत थोडाफार फेरफार केला असेल हे खरे, पण एकाच रोलमधले फोटो शेजारी शेजारी ठेवले तर फरक उघड दिसतो. खोल पाण्यातल्या ज्या ज्या फोटोत तुमचा रुमाल खरा लाल आहे, त्या त्या वेळी ती तुमच्यापासून हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ होती. कासवाचा फोटो अंधुक आणि निळसर आला, कारण कासव लांब होते. तिने कासवामागे जाण्यात चूक केली हेही तो फोटो सांगतो, आणि एरवी पाच वर्षे ती कोठे होती हे बाकीचे फोटो सांगतात.

पाण्याखालची मैत्री अशीच असते. तेथे बोलता येत नाही; अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक आहे', अंगठा वर करून 'वर चल', छातीवर मूठ ठेवून 'हवा कमी आहे', एवढ्या दहा-पंधरा खुणांवर तास काढायचा असतो. माझ्या अभ्यासक्रमातला बडी सांगलीचा एक तरुण मुलगा होता. त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला कधीच कळले नाही, पण मास्कमधले त्याचे डोळे आणि दर काही क्षणांनी मागे वळून पाहण्याची त्याची सवय मला आजही आठवते. जमिनीवर आल्यावर आमच्याकडे बोलायला फारसे काही नव्हते. तुमच्या दोघींचे तसे नसावे. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने एर्नाकुलम, तेथून पुढे कोचीहून जहाज, असा लांबचा प्रवास ज्या दोघी पाच वेळा करतात त्यांच्याकडे बोलायला पुष्कळ असते. तरीही भांडणाच्या वेळी तुम्हा दोघींना पाण्याखालचीच सवय नडली असे मला वाटते. खुणांनी भागते, समोरचीला आपोआप समजते, असे धरून तुम्ही दोघी गप्प बसलात.

आता ते दोन निळे फोटो. याविषयी मी जे लिहिते आहे तो माझा अंदाज आहे, आणि तो खोटाही ठरू शकेल. उजेडात भिंग धरून ते फोटो पाहा. त्यांत बर्फ पडत असल्यासारखे पांढरे ठिपके दिसत असतील तर फ्लॅश उडालेला आहे, कारण पाण्यात तरंगणारे बारीक कण फ्लॅशच्या उजेडात असेच चमकतात. समोर काहीच नसताना, मोजक्या 36 फोटोंतले दोन, फ्लॅशसकट कोणी का खर्च करील? चुकून बटण दाबले गेले असेल, हे एक कारण संभवते. दुसरे असे की हरवलेल्या बडीचे लक्ष वेधायला डायव्हर दिवा दाखवतात, सिलिंडरवर काही तरी ठोकून आवाज करतात. आणि तुमच्या मैत्रिणीच्या हाती दाखवण्यासारखा उजेड होता तो फ्लॅशचा. ज्या दहा मिनिटांत तुम्ही बोटीवर तिची वाट पाहत होता, त्यांतली काही मिनिटे ती खाली निळ्या पाण्यात फ्लॅश उडवत तुम्हाला शोधत असेल का? असे असेल तर वर आल्यावर तुम्हाला बोटीवर सुखरूप पाहून तिला आलेले हसू कासवाचे नव्हते.

याची निम्मी शहानिशा तुम्ही घरबसल्या करू शकता. फोटोंचा क्रम पाकिटात सरमिसळ झाला असेल, पण निगेटिव्हच्या पट्टीच्या कडेला प्रत्येक चौकटीचा क्रमांक छापलेला असतो. पट्टी कडेने धरा, मधल्या भागाला बोट लावू नका, खिडकीच्या उजेडात कासवाची चौकट शोधा आणि पुढचे आकडे पाहा. निळ्या चौकटी कासवाच्या आधी असतील तर माझा अंदाज चुकला, तो तेथेच सोडून द्या. लगेच नंतर असतील तर उरलेल्या निम्म्या गोष्टीसाठी जगात एकच माणूस आहे आणि ते पुण्याला आहे. नुसते निळे आलेले फोटो लॅबकडून आले तर लोक टाकून देत असत; तिने ते बाकीच्या फोटोंबरोबर तुमच्याकडे पाठवले, हेही विसरू नका.

तुमच्या यजमानांनी वापरलेली म्हण आपल्या गावात जरा जास्तच जवळची आहे, कारण आपण गोदावरीला गंगाच म्हणतो. त्यांना तुमचा त्रास पाहवत नाही म्हणून ते तसे म्हणतात, यात मला शंका नाही. पण गंगेला मिळालेले सगळे वाहून जात नाही. रामकुंडात सूर मारून तळाची नाणी काढणारी मुले तुम्ही लहानपणापासून पाहिली असतील. तुमचे मन थाऱ्यावर नाही, याचा अर्थ ही गोष्ट अजून वाहून गेलेली नाही, आणि हे त्यांना शांतपणे सांगितलेत तर ते समजून घेतील.

काय करावे, ते आता सांगते. निगेटिव्ह स्कॅन करून घ्या; छापील फोटोपेक्षा निगेटिव्हवरून केलेले स्कॅन कितीतरी चांगले येते, आणि नाशिकमधले जुने स्टुडिओवाले हे काम अजून करतात. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसू नका. पावसाळ्याच्या दमटपणाने बुरशीचे डाग आले असतील तर ते स्टुडिओवाल्याला दाखवा, स्वतः काही लावू नका. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये लावण्याचा मोहही टाळा. त्या गोंदाने फोटो खराब होतात आणि पुढे ते निघतही नाहीत. हे स्कॅन व्हॉट्सॲपच्या कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, मग तो जुन्या डायव्हिंगच्या मंडळींचा का असेना. बोटीवरच्या फोटोंत इतरही स्त्रिया पोहण्याच्या वेषात असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय ते फोटो बाहेर जाऊ नयेत. आणि तुमच्या मैत्रिणीला एकदा चारचौघांत ऐकावे लागले आहे, या खेपेस तिच्याशी एकटीशीच बोला.

तिला टपालाने पत्र पाठवा. सगळे फोटो पाठवू नका. तीन पुरेत : रुमाल लखलखीत लाल दिसतो असा एक, कासवाचा एक, आणि दोन निळ्यांपैकी एक. पत्र लहान असू द्या. मी तुमच्या जागी असते तर साधारण असे लिहिले असते : "तू पाठवलेले पाकीट मी आत्ता उघडले. इतका उशीर केला, त्याबद्दल मला माफ कर. त्या दिवशी तू मला सोडून गेलीस याचा मला राग आला होता, आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. मी तुला पाच मिनिटे शोधत होते, आणि तू बुडालीस असे मला वाटले होते. सोबतच्या निळ्या फोटोत काय आहे, ते मला सांगशील का?" यातला एकही शब्द तुम्ही तसाच घ्यावा असा माझा आग्रह नाही, परंतु राग लपवू नका आणि भीती वगळू नका. माझा फ्लॅशचा अंदाज तिला सुचवूही नका. ती सांगेल ते तिचे असू द्या. ती म्हणाली की बटण चुकून दाबले गेले, तर ते मान्य करा. तुम्ही पाच मिनिटे खाली राहिलात हे त्यामुळे बदलत नाही, आणि तिला कळायला हवे ते तेवढेच आहे.

उत्तर कदाचित येणार नाही. तुम्हाला पाकीट उघडायला 19 वर्षे लागली, तिलाही वेळ लागेल. आठ दिवसांनी फोन करून पत्र मिळाले का म्हणून विचारू नका. आणि पहिल्याच पत्रात पुन्हा एकत्र डायव्हिंगला जाण्याची गोष्ट काढू नका. तो विचार तुमच्या मनात असेल तर तो स्वतंत्रपणे करावा. इतक्या खंडानंतर आधी डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब आणि फुप्फुसे तपासून घ्यावीत, सावरकर जलतरण तलावावर काही महिने नियमित पोहावे, मग तारकर्लीला प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी, आणि परतताना शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र खालीच काढून मग घाट चढावा, कारण शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की असू द्या : कडमतला आज गेलात तरी या फोटोंतले प्रवाळ तसेच भेटणार नाहीत. 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि पुष्कळ मेले. तुमच्या पाकिटात आहे ते त्याआधीचे कडमत आहे, आणि ते पाहिलेली, त्या खडकांची ओळख असलेली दुसरी व्यक्ती तुमच्या ओळखीत बहुधा तीच एक असेल.

तिचा पुण्याचा पत्ता ज्याच्या हाती तिने पाकीट पाठवले होते त्याच्याकडून मिळू शकेल. फोटोच्या मागे बॉलपेनने जोर देऊन लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. तारीख आणि ठिकाण वेगळ्या कागदावर लिहा. फोटो वाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा घाला. आणि पाकिटावर तुमचा सध्याचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहायला विसरू नका, कारण 2006 नंतर तुम्ही घर बदलले असेल तर उत्तर कोठे पाठवायचे हे तिला ठाऊक नसेल.